पाच वाजताची हाक

हे घडलेलं आहे. पटत नसेल तर वाचू नका.

सन २००१, मार्चमधला शेवटचा शनिवार. इंग्लंडातलं हेरफर्डशायर. त्या मुलुखाचंच नाव लावणारी तांबडी, पांढऱ्या तोंडाची हेरफर्ड गुरं विनी प्रॉबर्टच्या घरात पाच पिढ्या नांदली.

सकाळी सरकारी माणसांनी ती गोळ्या घालून मारली. एकेचाळीस.

लाळ्या रोग शेजाऱ्याच्या गोठ्यात होता. हिच्या नव्हे. कुंपणाला कुंपण लागून होतं, एवढाच गुन्हा!

बेचाळिसावी, डॅमसन नावाची कालवड, विनीने सफरचंदाच्या दारूच्या कोठीत पिंपांमागे दडवली होती. घराण्याचं तेवढंच रक्त उरलं होतं.

"वेड लागलंय का गं तुला?" भाऊ आयव्हर कुजबुजला. "फाटकावर पहारेकरी बसलाय. ही एकदा हंबरली की संपलं."

"तुझ्यासारखी बडबडी नाहीये ती."

"एकटी पडलेली गाय हंबरतेच, विनी. कळप शोधते."

"मग मी बसते तिच्यापाशी. तू जा, चहा ढोस."

संध्याकाळी पाच वाजले. धुकं उतरलं. डॅमसनसाठी भरड्याची बादली घेऊन विनी अंगणात आली... आणि चाळीस वर्षांची सवय घात करून गेली.

"होऽऽ... चला गं, चला!"

तिने झटकन तोंडावर हात दाबला.

तिने फाटकाकडे पाहिलं.

मग... खालच्या कुरणातून खुरांचा आवाज. चिखलातला. एकीचा नाही, खूप जणींचा.

कुरण तर रिकामं होतं.

ती कुंपणाशी धावली. तिथली गार लोखंडी दांडी तिच्या हाताखाली ओली झाली... ऊन झाली. कुणीतरी श्वास सोडल्यासारखी.

आणि हंबरडा फुटला. सगळ्यांचा, एकदम.

पहारेकऱ्याने मानही वळवली नाही.

पण कोठीतून डॅमसनने ओ दिली... ती मात्र त्याने ऐकली.

"बाई, आत काय आहे?"

"काही नाही रे बाबा! पाया पडते, काही नाही!"

त्याने बाहेरची कडी काढली.

पिंपं. दबलेलं गवत. बादलीतलं पाणी अजून हलत होतं.

डॅमसन नव्हती.

खिडकी वीतभर. दुसरं दार नाही.

आज विनीने सत्तरी ओलांडलीय. गोठा रिकामाच आहे. रोज पाचला ती भरड्याची बादली घेऊन कुंपणापाशी उभी राहते, तोंडावर हात घट्ट दाबून.

हाक मारली तर डॅमसन येईल, हे तिला माहीत आहे.

एकटी येणार नाही... हेही.