गुरुवारच्या बाई

गुरुवारी दहाच्या सुमाराला यशवंत चौगुलेने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. वाइंडिंगला, म्हणजे नवी तार गुंडाळायला, आलेल्या पंपाच्या मोटारी बाजूला सारल्या आणि बाकावर एक लहानसा टॅब उभा केला. पडदा उजळला.

"ये ओवी, बस. पाणी पिऊन आलीस ना?"

आवाज शैलाचा होता. शैला त्याची बायको, आंबेखोलच्या शाळेत दुसरीच्या वर्गाच्या बाई. श्रावणात ती वारली.

आंबेखोल आणि पलीकडची वाडी मिळून दुसरीला शिक्षक एकच. म्हणून सोमवार ते बुधवार इथली मुलं शाळेत बसत आणि बाकीचे दोन दिवस, शिक्षक वाडीवर गेले की, घरून आपापल्या टॅबवर एकत्र शिकत. घरच्या दिवसांसाठी शाळेने बाईंची प्रत बनवली होती. दोन वर्षं वर्गातलं सगळं ऐकून यंत्राने तिची बोलण्याची, रागावण्याची, समजावण्याची रीत उचलली होती. ही नुसती ध्वनिफीत नव्हती. नवा प्रश्न विचारला की ती शैलासारखंच नवं उत्तर द्यायची. मुलं तिला 'गुरुवारच्या बाई' म्हणत. शैला गेल्यावर वर्ष संपेपर्यंत ती प्रत चालू ठेवायला यशवंतनेच होकार दिला होता.

टॅब दुसरीतल्या ओवी कांबळेचा. चार्जिंगची पिन मोडली म्हणून तिची आई दुरुस्तीला देऊन गेली होती. मग ते कुटुंब मागावर कामाला इचलकरंजीला गेलं. पिन बसवून झाल्यावर यशवंतने तपासायला म्हणून टॅब सुरू केला, तर शैलाने त्याला बसायला सांगितलं. तो बसला. पुढच्या गुरुवारीही बसला.

"बावन्नातून सत्तावीस गेले. लिहा बरं."

यशवंतने बोटाने पस्तीस लिहिले. मोटारीच्या वेढ्यांचा हिशोब तो तोंडी करायचा; उत्तर पंचवीस हे त्याला ठाऊक होतं. पण पस्तीस लिहिलं की शैला सगळ्यांत जास्त वेळ बोलायची.

"अगं, दोनातून सात जातील का? मग उलटं करून सातातून दोन काढलेस होय? लबाड! शेजारचा एक दशक सुटा कर. घाई नाही. मी आहे."

'मी आहे' एवढ्यासाठी तो चुकत होता.

शैलाचा नियम होता, शेवटच्या मुलाला कळेपर्यंत पान उलटायचं नाही. प्रतीनेही तो उचलला होता. त्यामुळे दिवाळीपासून गुरुवारचा सगळा वर्ग वजाबाकीतच अडकला होता. हे यशवंतला कळत होतं. दर आठवड्याला तो ठरवायचा, आता पुरे. आणि पुन्हा पस्तीस लिहायचा.

पुढच्या सोमवारी शाळेतून निरोप आला, पंप बंद पडलाय. तो पान्हे घेऊन गेला. शाळेचे तीन दिवस आता तेजस्विनी मॅडम घेत. वर्गाच्या दारात ओवीची आई पदर खोचून उभी होती. ते कुटुंब आदल्याच दिवशी इचलकरंजीहून परत आलं होतं.

"मॅडम, माझ्या पोरीला पोरं ढ म्हणत्यात. पाऊल टाकल्याबरोबर! तिनं काय केलंय ओ?"

"ढच हाय," मागच्या बाकावरून तनिष्का ठसक्यात म्हणाली. "हिच्यामुळं आम्ही सगळी अडकलोय. गुरुवारच्या बाई हिलाच समजावत बसत्यात."

ओवी रडली नाही. फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि बावन्न वजा सत्तावीस लिहून खाली पंचवीस मांडले.

"मग गुरुवारी का चुकतीस?" तनिष्काने विचारलं.

"मी नव्हतेच. माझा टॅब दुरुस्तीला हाय."

मॅडमनी दाराकडे पाहिलं. तिथेच पान्हे घेऊन यशवंत उभा होता. पंप तिकडे आहे म्हणून निघून जाता आलं असतं. पण ओवीची आई त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या नजरेत अजून संशय नव्हता. तेच त्याला सोसेना.

"मी होतो," तो म्हणाला. "तिच्या नावावर मी बसत होतो. ओवीला ढ म्हणू नका रं."

"काका, तुम्हाला वजाबाकी येत न्हाई?" तनिष्काने खरंच विचारलं.

येते म्हणावं तर मुद्दाम चुकलो हे सांगावं लागणार होतं. आणि शेवटी तेच सांगावं लागलं. मुलं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. ओवीची आई एवढंच म्हणाली, "बाईंसाठी आम्हीबी रडलो, भाऊजी. पण पोरीचं नाव कशाला घालवलंसा?"

मॅडम त्याच्याबरोबर पंपापर्यंत आल्या. "काका, एक सांगू? मुलांची बोटं ती प्रत ओळखते. दाब, वेग, वळण. नवं बोट पहिल्याच तासाला कळतं तिला."

"म्हंजे मी ओवी न्हाई, हे तिला ठाऊक होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. तशी नोंद मला यायला हवी होती. आली नाही. का, ते मलाही कळत नाही."

संध्याकाळी त्याने टॅब पुसून ओवीच्या घरी नेऊन दिला.

गुरुवारी दुकानाचं शटर पूर्ण उघडं होतं. एव्हाना वर्गाने पान उलटलं असेल. तो मोटारीवर तार गुंडाळत होता आणि वेढे पुन्हा पुन्हा चुकत होते. वर्गभर पोरांचं शिकणं अडवून ती एकट्या त्याच्यासाठी थांबली होती. खऱ्या शैलाने असं कधीच केलं नसतं. त्याला कान धरून बाहेर काढलं असतं तिने. यंत्र बिघडलं असणार.

तारेचं टोक हातात धरून तो तसाच बसून राहिला. की लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याला ठाऊक नसलेलं, त्याच्याविषयीचं काही त्या यंत्राने तिच्यात ऐकलं होतं?