एंजलच्या अंगावरचा रवा

"नंदू, टाकीतला दिवा लाव! लवकर!"

नलिनीचा आवाज इतका चिरका निघाला की तिचा धाकटा भाऊ नंदू चोखत असलेला आंबा टाकून धावत आला. त्यानं बटण दाबलं. शेजारच्या दत्तारामकाकांच्या खोलीतली काचेची टाकी उजळली आणि वेलींच्या मागून एंजल माशांची जोडी हळूच पुढे आली. दोघांच्याही अंगावर, परांवर, अगदी डोळ्यांच्या कडेला पांढरे ठिपके होते. कुणी वरून चिमूटभर रवा भुरभुरावा तसे!

"काल नव्हते ना गं हे?"

"नव्हते रे! मी रात्री दाणे घातले तेव्हा चांगले होते दोघं!"

एवढ्यात मोठा मासा सर्रकन तळाशी गेला आणि दगडाला अंग घासून परत वर आला. पुन्हा गेला. पुन्हा घासलं.

"त्याला खाज सुटलीय," नंदू म्हणाला. एरवी नलिनी हसली असती. आज तिनं काचेला नाक टेकवलं.

मे महिना होता. घाटकोपरच्या त्या चाळीतली निम्मी माणसं कोकणात गेली होती, निम्म्या दारांना कुलपं होती. दत्तारामकाकाही देवगडला गेले होते, कारण मालनताईला बाळ झालं होतं. मालनताई त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन जाताना तिनं ही जोडी वडिलांच्या हवाली केली होती. "यांच्याशी बोलत जा हां, बाबा," असं तिनं बजावलं होतं, आणि काका खरंच रोज संध्याकाळी खुर्ची ओढून टाकीसमोर गप्पा मारत बसायचे. निघताना त्यांनी बारा वर्षांच्या नलिनीला विचारलं होतं, "सांभाळशीत मां गो?" तिनं ऐटीत मान हलवली होती.

काका येत्या मंगळवारी परत येणार होते. आज बुधवार!

दारातून शकु धापा टाकत आत आली. ती नलिनीच्याच वर्गातली, मागच्या चाळीत राहणारी. "ऐकलंत का? खालच्या चंपामावशीचे चारही मासे मेले! धाकूआजोबांचे पण तीन गेले! कुणीतरी विष घालतंय यार!"

नंदूनं आधी दार लोटून घेतलं.

"मला माहितीय कोण ते," नंदू कुजबुजला. "निळ्या बोटांचा माणूस! काल चंपामावशीच्या खिडकीशी उभा होता. मी पाहिलं ना! सगळी बोटं निळी!"

"तो खंडूमामा?" शकुचे डोळे मोठे झाले. "आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहतो तो? अरे, तो कॉलेजात बेडूक कापतो म्हणे!"

"मग आपण त्याच्याकडे जायचं," नलिनी म्हणाली. विचार बदलायच्या आत तिनं चपला घातल्या.

भर दुपारी तिघं त्या खोलीशी पोचली. दार अर्धवट उघडं होतं. आत अंधार, कसलासा औषधी वास आणि फळीवर ओळीनं बाटल्या. एकीत निळंशार पाणी! नंदूनं नलिनीचा फ्रॉक मागून घट्ट पकडला.

"कोण आहे?"

दारात उंच माणूस उभा राहिला. बोटं नखांपर्यंत निळी!

"तुम्ही... तुम्ही माशांना विष का घातलंत?" नलिनीनं एका दमात विचारलं आणि डोळे गच्च मिटले.

मग हळूच तिनं एक डोळा उघडला. खंडूमामा आपल्या बोटांकडे बघत होता.

"विष नाही गं पोरी, हे औषध आहे. मी कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळतो. आमच्या टाक्यांमधे हे घालावं लागतं, आणि एकदा बोटांना लागलं की आठवडाभर जात नाही. काल त्या बाईंचे मासे खिडकीतून आजारी दिसले, म्हणून हेच औषध सांगायला गेलो होतो. त्यांनी खिडकीच लावून घेतली!" मग तो गंभीर झाला. "तुमच्या माशांना काय होतंय?"

"रवा!" नंदू मागूनच ओरडला. "अंगावर रवा पडलाय!"

खंडूमामा तसाच पायांत चपला सरकवून निघाला. काखेत कॉलेजनं मोडीत काढलेला जुना मायक्रोस्कोप होता. त्यानं ओल्या हातानं मोठ्या एंजलला अलगद धरलं, अंगावरचा चिकट थर काचपट्टीवर जरासा टिपला आणि क्षणात मासा पाण्यात सोडला.

"बघ."

नलिनीनं डोळा लावला. एक गोल काहीतरी सावकाश गरगरत होतं. कडेनं बारीक केस, आणि पोटात घोड्याच्या नालेसारखी खूण. ती दचकून मागे झाली. "हे जिवंत आहे!"

"हो ना. प्रत्येक ठिपक्यात असा एकेक पाहुणा बसलाय. माशाच्या कातडीत घुसतो, तिथंच खातो, फुगतो. पण घरात आणला कुणी त्याला? या टाकीत हात कुणाकुणाचा गेला होता?"

"फक्त माझा," नलिनी म्हणाली. "आणि रविवारी जयवंतकाकांचा."

"चंपामावशीकडे पण तेच येतात," शकु म्हणाली. "आणि धाकूआजोबांकडे!"

जयवंतकाका म्हणजे चाळीतले मत्स्यतज्ज्ञ! दर रविवारी एक बादली, एक जाळी आणि एक मग घेऊन हौसेनं सगळ्यांच्या टाक्या धुवायचे. नवं पाणी भरलं की आधीच्या घरच्या टाकीतलं मगभर पाणी त्यात ओतायचे. "हे विरजण!" म्हणायचे. "दह्याला लागतं ना, तसं पाण्यालाही लागतं. मासे रमतात!"

खंडूमामानं कपाळाला हात लावला. "विरजण कसलं! रोगच वाटत फिरतोय हा माणूस घरोघर."

नलिनीच्या अंगावर काटा आला. गेल्या रविवारी जयवंतकाकांनी तो मग तिच्याच हातात दिला होता. "घाल गं तूच!" आणि तिनं मोठ्या कौतुकानं घातला होता. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

उपचार सुरू झाले. खंडूमामानं खडेमीठ विरघळवून घातलं, मोजून निळे थेंब टाकले. पाणी आकाशासारखं झालं. मे महिन्याच्या उकाड्यानं ते गरमच होतं आणि गरम पाण्यात हवा कमी, म्हणून हवेचा पंप दिवसरात्र चालू ठेवायचा. रोज रबरी नळीनं तळाचं पाणी ओढून मोरीत टाकायचं आणि हात साबणानं धुवायचे. नलिनी दर तासाला येऊन बघत होती.

गुरुवारी सकाळी लहान एंजल तळाशी आडवा पडलेला दिसला. हलला नाही.

नलिनी जिन्यात बसून रडली. शकु तिच्याजवळ बसून राहिली. "एक आहे अजून," एवढंच ती म्हणाली.

आणि शनिवारी चमत्कार झाला! उरलेल्या माशाच्या अंगावर एकही ठिपका नव्हता.

"बरा झाला! झकास!" नंदू नाचायलाच लागला.

"नाचू नकोस," खंडूमामा म्हणाला. "खरी भीती आताच आहे. ते पाहुणे मेले नाहीत, फुगून खाली गळून पडलेत. एकेकाची शेकडो पिल्लं होणार आणि ती पुन्हा मासा शोधत पोहणार. आपलं औषध मारतं ते त्या पोहणाऱ्यांना. अंगावर बसलेल्यांना नाही. म्हणून अजून किमान आठ दिवस निळं औषध थांबवायचं नाही, कुणी काहीही म्हणो. मी उद्या बहिणीकडे वाकोल्याला जातोय. सांभाळाल ना?"

त्या रात्री नलिनीला त्या स्वच्छ, चकचकीत माशाचीच जास्त भीती वाटत होती.

रविवारी सकाळी तिघं टाकीशी असतानाच दारात बादली आपटली.

"अरे अरे अरे! हे शाईचं पाणी कुणी केलं?" जयवंतकाका तरातरा आत आले. "मासा तर ठणठणीत आहे! चल, मी सगळं पाणी बदलतो. विरजण आणलंय."

"नको, काका!" नलिनी टाकीच्या आडवी उभी राहिली. "औषध आहे ते."

"मला शिकवतेस? वीस वर्षं मासे पाळतोय मी! हो बाजूला!"

त्यांनी मग बादलीत बुडवला. नलिनीनं टाकीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली, ती हलली नाही. मोठ्या माणसाला असं अडवायची तिची पहिलीच वेळ. शकुनं पाहिलं की नलिनी एकटी फार वेळ टिकणार नाही. ती लाडात पुढे झाली.

"काका, तुमच्या बादलीतले ते गप्पी कसले भारी आहेत! एक बघू द्या ना जवळून. प्लीज!"

काका लगेच खुलले. "बघ की! आज चंपाला द्यायला आणलेत."

नंदूनं काचेचा ग्लास पुढे केला. शकुनं त्यात एक गप्पी घेतला आणि ग्लास खिडकीत, कोवळ्या उन्हात ठेवला.

"आता बघा, काका. वरून नाही. बाजूनं."

काका वाकले. लाल बादलीत वरून बघताना माशाची नुसती काळपट पाठ दिसते. इथं ऊन आरपार येत होतं आणि इवल्याशा शेपटीवर पाच पांढरे ठिपके स्पष्ट चमकत होते.

काकांनी एकेक ठिपका बोटानं मोजला. शेवटी हातातला मग बाजूला ठेवून ते मटकन खाली बसले.

"माझ्याकडचे सतरा गेले या महिन्यात," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, उन्हाळा आहे. कुणाला सांगितलं नाही. तज्ज्ञ ना मी!" त्यांनी बादलीकडे पाहिलं. "चंपाचे... धाकूचे... सगळे मीच?"

नंदूनं गुपचूप त्यांना प्यायला पाणी दिलं.

मंगळवारी दत्तारामकाका आले. पेटारा खाली ठेवायच्या आतच त्यांनी विचारलं, "दुसरो खय गेलो?"

नलिनीनं सगळं सांगितलं. विरजण, मायक्रोस्कोप, गुरुवारची सकाळ. शेवटी ते राहिलेलंही सांगितलं. "तो मग मीच ओतला होता, काका. माझ्या हातानं."

काका टाकीजवळ जाऊन निळ्या पाण्यात बघत बसले. एंजल काचेपर्यंत आला. काचेला बोट लावून ते म्हणाले, "भियालंस मां?"

"खूप."

"आणि तरी उभी रवलंस." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मालनाक मीच पत्र लिवतंय. एक गेलो, आणि एक ह्या चेडवान वाचवल्यान, असाच लिवतंय."

नलिनीला आता मात्र रडू आवरलं नाही.

पुढच्या रविवारी जयवंतकाका पुन्हा आले. पण यावेळी आत शिरले नाहीत. उंबऱ्याबाहेरच थांबले. खांद्यावर पाच नव्याकोऱ्या जाळ्या होत्या, प्रत्येक घराची वेगळी. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते आणि त्यांना साबणाचा वास येत होता.

"नलिनीबाई," ते म्हणाले, "आत येऊ का?"