जुळी गाडी

रेवती सरनोबतने एअरब्रशची सुई पुसून बाजूला ठेवली आणि गाडीचा टप उजेडात धरून पाहिला. निळ्या रंगाचा थर एकसारखा बसला होता. प्लॅस्टिकच्या चौकटीतून सुटे भाग कापायचे, त्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या, चिमट्याने जागेवर बसवून चिकटवायचे आणि आठवडेच्या आठवडे खपून ओंजळीत मावेल एवढी गाडी उभी करायची, हा तिचा कॉलेजपासूनचा छंद. दिवसभर दातांच्या कवळ्या घडवणारी बाई घरी येऊन पुन्हा तसलंच बारीक काम हौसेने करते, याचं तिच्या नवऱ्याला नेहमी हसू येई.

टप अजून ओला होता, म्हणून बाजूला होता. गाडीचा खालचा सांगाडा टेबलावर एका ठोकळ्यावर ठेवला होता, आणि त्याची पुढची चाकं आपोआप वळत होती. डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

अशा किटला बाजारात ‘जुळी’ म्हणत. आपल्या दारात जी स्वयंचलित गाडी असेल तिचीच ही छोटी प्रतिकृती. चाकांमागे उडदाच्या दाण्याएवढ्या मोटारी, बंपरमध्ये मोहरीएवढे दिवे. किट जोडून झालं की त्यात आपल्या गाडीचा नंबर भरायचा; मग नेटवरून दोघींचं सूत जुळे. खरी गाडी वळली की तिची जुळी वळे. खऱ्या गाडीच्या जवळ काही आलं की जुळीचा त्या बाजूचा दिवा पिवळा होई. मुलांना गंमत, आणि घरी वाट पाहणाऱ्यांना धीर.

रेवतीला त्या धीराची गरज होती. तिच्या नवऱ्याची, विश्वजितची दृष्टी गेली काही वर्षं डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने हळूहळू विझत गेली होती. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळे. इतिहासाचा हा प्राध्यापक पूर्वी किल्ल्यांच्या वाटेवर वाट्टेल तिथे जीप घालायचा. आजारानंतर तो कुणीतरी नेईल तिथेच जाऊ लागला. ही गाडी आली आणि तो पुन्हा एकटा बाहेर पडू लागला. आज कणकवलीच्या कॉलेजात त्याचं व्याख्यान होतं. कोल्हापूर सोडून, गगनबावडा ओलांडून, एव्हाना गाडी करूळ घाट उतरू लागली होती.

रेवती चाकांकडे पाहत राहिली. हा घाट तिने अनेकदा स्वतः चालवत पार केला होता. वळणामागून वळण, मध्ये उसंत नाही. पण चाकं उसंत घेत होती. सरळ राहत, जरा थरथरत आणि मग एकदम झटका देऊन वळत. बंपरचा उजवा दिवा पिवळा होऊन विझला. थोड्या वेळाने पुन्हा पिवळा झाला, या वेळी जास्त वेळ.

तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“पोहोचलो नाही अजून,” विश्वजित हसत म्हणाला. “धुकं असावं बाहेर. सगळीकडे सारखाच उजेड वाटतोय.”

“गाडी कशी चालली आहे?”

“आज जरा हिसके देतेय. का गं?”

“चाकं उशिरा वळतायत, विशू. वळण सुरू झाल्यावर वळायला हवीत, ती वळण संपताना वळतायत.”

 मागून गाडीचा गोड आवाज ऐकू आला: “प्रवास सुरळीत चालू आहे.” रेवतीने स्वतःच्या फोनवर पाहिलं. तिथेही हिरवी खूण होती. ती खूण म्हणजे गाडीतल्या संगणकाचं स्वतःबद्दलचं मत, हे तिला ठाऊक होतं. जुळीला मात्र चाकांकडून थेट खबर येत होती.

तेवढ्यात फोनमधून करकरल्यासारखा लांबट आवाज आला.

“काय झालं?”

“उजवीकडे घासलं कशाला तरी. कठडा असेल.” विश्वजितचा आवाज बदलला होता. “रेवती, उजवीकडे दरी आहे.”

“थांबायचं बटण दाब!”

त्याने दाबलं. गाडी तितक्याच गोडव्याने म्हणाली, “थांबण्यासाठी सुरक्षित जागा शोधत आहे.” धुक्यात, घाटात तिला तशी जागा सापडेना, आणि ती उताराला लागलेलीच राहिली. त्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच वाक्य. दार उघडेना, चालत्या गाडीचं दार उघडू नये, अशी सोय होती.

जुळीचा उजवा दिवा आता विझतच नव्हता. चाकं सरळ होती. ती वळायलाच तयार नव्हती.

“वळ ना, वळ!” रेवती ओरडली आणि तिने काही विचार न करता पुढच्या चाकाला बोट लावून ते डावीकडे ढकललं.

“अगं!” विश्वजित किंचाळला. “वळली! गाडी वळली, मी दारावर आपटलो!”

उजवा दिवा विझला.

रेवतीने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं.  मग तिने खुर्ची पुढे ओढली, दोन्ही कोपरं टेबलावर रोवली आणि पुढची दोन्ही चाकं चिमटीत धरली. कवळीला शेवटचा दात बसवताना ती अशीच बसायची.

“विशू, नीट ऐक. ती माझ्या हाताने वळतेय. कशी ते विचारू नकोस. मला रस्ता दिसत नाहीये.”

“मलाही कुठे दिसतोय,” तो म्हणाला. त्याने खोल श्वास घेतला. वर्गात बोलायचा तो आवाज त्याने ओढूनताणून आणला. “काच थोडी खाली आहे. डावीकडून इंजिनाचा आवाज परत येतोय, भिंतीवर आपटल्यासारखा. डोंगर डावीकडे आहे. उजवीकडून नुसता वारा.”

“डोंगराच्या कडेला गटार आहे. बाबा सांगायचे, ब्रेक गेले तर दरीला भिऊ नकोस, डोंगराला चिकट. मी तुला डोंगरावर घासणार आहे. पट्टा आहे ना?”

“आहे. हॉर्न ऐकू येतोय समोरून. एसटी असेल. आत्ता नको, घासून गाडी उसळली तर तिच्यावरच जाईल... थांब... ती वर येतेय...”

चाकं तिच्या बोटांना उलट ढकलत होती. उजवीकडे, दरीच्या बाजूला. जोर फारसा नव्हता, पण हट्ट होता; बोटं सैल पडली की चाकं लगेच पुढे सरकत. तिच्या कपाळावरचा घाम ओल्या निळ्या टपावर पडला. फोनमधून एसटीचा घरघराट मोठा झाला आणि अगदी जवळून निघून गेला.

“गेली! आता, रेवती, आता!”

तिने चाकं डावीकडे दाबून धरली. डावा दिवा पिवळा झाला. मग फोनमध्ये पत्रा फाटल्यासारखा आवाज सुरू झाला आणि संपेचना. विश्वजित काहीतरी ओरडत होता. शेवटी एक दणका बसला, आणि सगळे दिवे एकदम गेले. धक्का बसताच गाडीने स्वतःची वीज तोडली होती.

“विशू?”

ती फोनवर वाकली.

“विशू!”

“गटारात,” तो धापा टाकत म्हणाला. “चाक गटारात आहे. हात दुखतोय. मी आहे.”

मागे वळून धावत आलेल्या एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी काच फोडून त्याला बाहेर काढलं, तोपर्यंत तिने चाकांवरची बोटं उचलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीच्या कंपनीची इंजिनिअर त्यांच्या घरी आली. तनया गोगटे तिचं नाव. ती रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. विश्वजित गळ्यात हात अडकवून बसला होता. सांगाडा टेबलावर तसाच होता.

“गॅरेजमध्ये मेकॅनिक हाताने चाक वळवतो, तेव्हा गाडीने अडून राहू नये म्हणून मेकॅनिकच्या हाताचा हुकूम संगणकाच्या वर ठेवलेला आहे,” तनया म्हणाली. “जुळीच्या मोटारीला बोटाचा दाब कळतो, आणि तो तिने नेटवरून गाडीकडे पाठवला. गाडीला वाटलं, मेकॅनिकचाच हात आहे. ही परतीची वाट बंद करायची राहून गेली होती. आमची चूक आहे.”

“ती चूक होती म्हणून मी वाचलो,” विश्वजित म्हणाला.

तनयाने नकारार्थी मान हलवली. “सर, धुक्याने गाडी बिघडली नव्हती. संगणक वेळेवर चाक वळवत होता. घाट सुरू झाल्यापासून कुणीतरी चाक धरून ठेवलं होतं. मॅडमनी बोट लावलं तेव्हा त्या चाकावर आधीच दुसरा हात होता.”

रेवतीला बोटांत तो हट्टी जोर पुन्हा जाणवला.

“तुमच्या गाडीच्या नंबरावर दोन जुळ्या चालू आहेत,” तनया पुढे म्हणाली. “नंबर कुणीही कुणाचाही भरू शकतो. एखादा आकडा चुकला असेल आणि घरातलं मूल चाकाशी खेळत असेल. किंवा...” तिने वाक्य सोडून दिलं. “दुसरी कुठे आहे ते अजून सापडलं नाही. ती चालू आहे तोवर माग काढता येईल. पण वाट बंद करायची तर सगळ्या गाड्यांची एकदमच बंद होते. आणि मग माग लागणार नाही. वरचे लोक म्हणतात, आधी तुम्हाला विचारा.”

“आत्ता किती गाड्या रस्त्यावर आहेत?” विश्वजितने विचारलं.

“पुष्कळ.”

“मग आम्हाला काय विचारता?” रेवती म्हणाली. “बंद करा.”

तनयाने फोन काढला. तिचं बोलणं सुरू असतानाच टेबलावर बारीकशी करकर झाली. खरी गाडी गॅरेजात उभी होती, तपासणीसाठी तिची वीज नुकतीच जोडली होती. सांगाड्याची पुढची चाकं हळूच उजवीकडे वळली आणि थांबली.

 रेवती पुढे झाली. तिने चाकाला बोट लावलं आणि अगदी अलगद, केसभर, डावीकडे ढकललं.

चाक थबकलं. जणू पलीकडे कुणी दचकलं असावं. मग तितक्याच अलगद, तितकंच केसभर, ते तिच्या बोटावर परत दाबलं गेलं.

“अजून एक मिनिट,” ती तनयाला म्हणाली, पण फोनवरचा माणूस ‘झालं’ म्हणाला, आणि चाक तिच्या बोटाखाली सैल पडलं.

“काय होतं गं?” विश्वजितने विचारलं.

रेवतीने चाकावरचं बोट उचललं नाही. पलीकडच्या त्या हाताला आत्ता पहिल्यांदा कळलं होतं की इथे कुणी माणूस आहे, की काल घाटातही त्याला ते माहीत होतं?