सूर्य बुडाल्यावरची साद

हुहाना किनाऱ्यावरच्या तंबूच्या खुंट्या उपटत होती. एकेक खुंटी हलवून सैल करायची, पायानं वाळू बाजूला सारायची, मग ओढायची. घाई नव्हती. सगळं उद्या सकाळी आवरायचंच होतं, पण हाताला काहीतरी हवं म्हणून तिनं आजच सुरुवात केली होती. आमच्या खाडीतल्या बायका दुःखातही हात मोकळे ठेवत नाहीत.

तिचा मुलगा मातिऊ चुलतभावाच्या लग्नासाठी शेवंडं काढायला समुद्रात उतरला होता, तो वर आला नाही. होडी सापडली. नांगर टाकलेला, पावाचा डबा अर्धा खाल्लेला, मातिऊ नाही. त्या दिवसापासून खाडीवर राहुई लागली, म्हणजे समुद्र बंद. ज्या पाण्यात आपलं माणूस आहे त्या पाण्यातला मासा खायचा नाही, शिंपला उचलायचा नाही. आमच्यातल्या सगळ्यात वडील हाकोपाकाकांनी वाळूत खांब रोवून त्याला हिरवी फांदी बांधली होती, ती आता वाळून गेली होती. पोलिसांचे पाणबुडे शोधून शोधून परत गेले, हुहाना मात्र तंबू ठोकून किनाऱ्यावरच राहिली होती. उद्या उजाडताना काका प्रार्थना म्हणून राहुई उठवणार होते. मग मासेमारी सुरू होईल आणि पर्यटकांना डॉल्फिन दाखवणारी क्लाइवची बोटही सुटेल. क्लाइव गोरा असला तरी भला माणूस. इतके दिवस त्यानं बोट बांधून ठेवली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर मात्र बुडालेला हंगाम स्पष्ट दिसायचा.

हुहानाला हे सगळं कळत होतं, पण कळून उपयोग काय? उद्या लोक त्या पाण्यात गळ टाकतील, मासे काढतील, तळून खातील. देह नाही म्हणजे पडवीत शवपेटी नाही. पेटी नाही म्हणजे त्याच्या उशाशी बसणं नाही, त्याच्या कपाळाला नाक टेकणं नाही, ‘मला टाकून गेलास, मेल्या’ म्हणून त्याला चार शिव्या देणंही नाही. आईला एवढंही मिळू नये? त्याला मातीत ठेवलं की तो निवांत होईल आणि तो निवांत झाला की आपणही झोपू, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती काहीही द्यायला तयार होती.

“आत्या, खुंट्या काय पळून चालल्यात का?”

मागे रिपेका उभी होती. भावाची मुलगी, खाडीतली सगळ्यात तोंडाळ पोरगी.

“पळाल्या तर बरंच. तुझ्या तोंडातून तरी सुटतील.”

“जीभ चालतेय म्हणजे घासही उतरेल. डुकराची हाडं शिजवलीत, पाला घालून. पिठाचे गोळेपण टाकलेत तुझ्या आवडीचे. पातेलं निखाऱ्यावर ठेवलंय. सूर्य बुडाला की जेव, नाहीतर क्लाइवचं कुत्रं जेवेल.”

“तू जा वर. सगळ्यांना वाढ.”

“आणि तू?”

“काका येतोय ना मला न्यायला. तो म्हातारा मला इथं एकटीला राहू देईल होय?”

रिपेका घुटमळली, आत्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि टेकडी चढून मराएच्या घराकडे, आमच्या सगळ्यांच्या सभाघराकडे, गेली. सगळे वरच होते. किनाऱ्यावर हुहाना, निखारे आणि समुद्र.

समोर बेट. त्याला आमचं एक नाव आहे आणि इंग्रजांनी नकाशात लिहिलेलं दुसरं, कुठल्याशा कप्तानाच्या बायकोचं, जी इकडे कधी फिरकलीही नाही. पर्यटक त्याचे फोटो काढतात, आणि खोटं कशाला बोला, देखणंच आहे ते. देवमासे मारणाऱ्या जहाजांच्या काळात तिथं वस्ती होती. जहाजावरून काहीतरी चोरीला गेलं, कुणी कुऱ्हाड म्हणतं, कुणी दोर. खलाशांनी उजाडायच्या आत वस्ती पेटवून दिली. जे आगीतून निघाले ते पाण्यात शिरले आणि पोरंबाळं घेऊन आमच्या किनाऱ्याकडे पोहू लागले. आमच्या माणसांनी आग पाहिली, माणसं पाहिली. पण बंदुकांच्या भीतीनं कुणी होडी काढली नाही, कुणी साद घातली नाही. त्यातलं एकही माणूस किनाऱ्याला लागलं नाही. ही गोष्ट आम्ही पर्यटकांना सांगत नाही.

साद म्हणजे काय ते सांगायला हवं. मराएवर पाहुणे आले की ते फाटकाशीच थांबतात. घरची बाई साद घालते तेव्हा पाऊल पुढे टाकायचं. सादेत जिवंतांना ‘या’ म्हणतात आणि त्यांच्यामागून चालत येणाऱ्या त्यांच्या मेलेल्या माणसांनाही. पाहुण्यांतली एक बाई उत्तर देते. मग भाषणं होतात आणि यजमान मृतांना मानानं ‘जा’ म्हणून निरोप देतात. कित्येक वर्षं आमची साद हुहानाच घालत आली होती. तिचा आवाज उठला की म्हाताऱ्यांच्याही अंगावर काटा यायचा. मात्र सूर्य बुडाला की साद नाही. अंधारात कोण आलंय ते दिसत नाही आणि एकदा बोलावलेल्याला दारातून हाकलता येत नाही.

ऊन आमच्या बाजूनं केव्हाच सरलं होतं. बेटाच्या माथ्यावर थोडं उरलं होतं, तेही विझलं. पाणी शिशासारखं करडं झालं. हुहानानं हातातली खुंटी टाकली.

उद्या नाही. उद्या उशीर होईल. हे एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती ओल्या वाळूपर्यंत गेली आणि तिनं आवाज सोडला.

“ये रे, माझ्या लेकरा, ये... पाण्यातून ये, अंधारातून ये... आईच्या दारी ये...”

आवाज पाण्यावरून गेला. तिला फक्त त्याला एकट्याला बोलवायचं होतं. पण इतक्या वर्षांची जीभ, तिला ठरलेले शब्द पाठ. श्वास संपायच्या आत पुढची ओळ आपोआप बाहेर पडली, प्रत्येक पाहुण्याला घातलेली, हजारदा घातलेली.

“...आणि तुमच्या सगळ्या मृतांना घेऊन या...”

बोलून गेली आणि तिनं तोंडावर हात दाबला.

लाटा थांबल्या नाहीत, पण त्यांचा आवाज खाली बसला, कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा. मग वास आला. आधी शेवाळाचा, मग त्याच्या आडून जळक्या गवताचा, ओल्या राखेचा. निखारे तिच्या मागे होते आणि वारा समोरून येत होता.

आणि उत्तर आलं.

बाईचा आवाज. म्हातारा, फाटका, लांब ओढलेला. शब्द जुने होते, आजीच्या तोंडी ऐकलेले, आता कुणी न वापरणारे. आवाज बेटाकडून आला नाही. तो पाण्यातून आला, अगदी जवळून.

मग ते दिसू लागले. गुडघाभर पाण्यात एक घोळका, खाली माना घालून. पुढे म्हातारी, तिच्यामागे बायका, कडेवर पोरं, मग पुरुष. पाहुण्यांनी यावं तसे शिस्तीत आले आणि थांबावं तिथं थांबले. कुणाचा चेहरा नीट दिसत नव्हता. सगळ्यात मागे काळ्या रबरी पोशाखात एक उंच पोरगा होता. तो मान थोडी कलती ठेवून उभा राहायचा, लहानपणापासून तसाच.

“मातिऊ...”

त्यानं मान वर केली नाही.

वाटेवरून कंदील हलत खाली आला. हाकोपाकाका. म्हातारा वाळूवर आला, त्यानं पाहिलं आणि कंदील हळूच खाली ठेवला.

“काय केलंस हे, पोरी...”

“काका, तो आहे. मागे बघ. तो आलाय.”

“तो त्यांच्याबरोबर आलाय.” काकांचा आवाज कुजबुजीएवढा होता. “एका घोळक्यानं आलेत, एका घोळक्यानंच जातील. अजून ते थांबलेत. मला निरोप देऊ दे.”

“म्हणजे तोही जाईल?”

काकांनी हातातली काठी वाळूत टेकवली.

“म्हणजे तोही जाईल, काका?”

“हुहाना, ऐक. हे कधीपासून दारात उभे आहेत, ठाऊक आहे तुला. आपण यांना कधी ‘या’ म्हटलं नाही. आता म्हटलं, यांनी आपलं अन्न खाल्लं, की पाहुणे राहणार नाहीत. घरचे होतील. मग ‘जा’ म्हणायचा अधिकार आपला नाही... घर त्यांचं.”

“होऊ दे.”

“पोरी...”

“होऊ दे घर त्यांचं! मला माझं पोर दे!”

काकांनी काठी उचलली आणि निरोपाचा पहिला शब्द उच्चारायला तोंड उघडलं. हुहाना त्यांच्या पायांवर पडली नाही, रडलीही नाही. ती नुसती त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली आणि तिनं दुसऱ्यांदा साद घातली. पुरी, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, एकही ओळ न गाळता. मनापासून.

कंदील विझला. अंधारात तिच्या दोन्ही बाजूंनी ओली पावलं चालत गेली, सावकाश, कितीतरी वेळ. गार श्वास तिच्या चेहऱ्याजवळ आले. एकेकानं तिच्या नाकाला नाक टेकवलं, पाहुण्यानं यजमानाला टेकवावं तसं. तिनं डोळे मिटून घेतले होते. प्रत्येक वेळी तिला वाटे, आता हा तोच. पण तो कोणता होता ते तिला कळलं नाही.

सकाळी मातिऊ सापडला. भरतीच्या रेषेच्या कितीतरी वर, कोरड्या वाळूवर, कुणीतरी जपून झोपवावा तसा. क्लाइवनं टोपी काढली आणि पोरासारखा हुंदके देत रडला. रिपेकानं निखाऱ्यांवरचं पातेलं उचललं, ते लख्ख रिकामं होतं, हाडंसुद्धा नव्हती.

“बघ! म्हटलं नव्हतं? त्या मेल्या कुत्र्याला आज पोटशूळ उठणार.”

हाकोपाकाकांनी पातेल्यात पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, हुहानानंही नाही.

पोलिसांचं काम उरकलं आणि मातिऊची पेटी मराएच्या पडवीत आली. हुहाना उशाशी बसली. त्याच्या गालाला गाल लावला, त्याला पोटभर शिव्या दिल्या, त्याच्या बाळपणीच्या खोड्या सांगून आल्यागेल्याला हसवलं. जे जे तिनं मागितलं होतं ते तिला मिळालं. टेकडीवर आजोबांच्या शेजारी त्याला मातीत ठेवलं तेव्हा पहिली मूठ तिनं टाकली. दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. ती झोपली, दिवस-रात्र झोपली, आणि उठली तेव्हा तिला कित्येक दिवसांनी भूक लागली होती.

त्या संध्याकाळी ती, रिपेका आणि काका टेकडीवर फुलं ठेवून आले. स्मशानाच्या फाटकाशी नळावर हात धुतले, पाणी अंगावर शिंपडलं, आणि घराकडे उतरले. ऊन नुकतंच सरलं होतं. घर मोकळं होतं. बाकीचे क्लाइवच्या घरी जेवायला गेले होते. रिपेका क्लाइवच्या बायकोच्या पुडिंगला नावं ठेवत चालली होती, ‘खाल्लं की दात शोधावे लागतात’ म्हणत होती, आणि हुहाना किती दिवसांनी हसत होती.

ती मराएच्या फाटकातून पाऊल टाकणार, तोच पडवीतून साद आली.

म्हातारा, फाटका, लांब ओढलेला आवाज. रिपेकाचं बोलणं तुटलं.

“आत्या... आत तर कुणी नाही ना?”

पडवीत अंधार होता. यजमानांच्या बाकांवर मात्र तो जास्त दाट वाटत होता, शेजारी शेजारी बसल्यासारखा. वाऱ्यावर ओल्या राखेचा वास आला.

“या, परक्यांनो, या... लांबून आलेल्यांनो, आमच्या दारी या...”

“कुणाला परके म्हणतेय ती?” रिपेका कुजबुजली. “आत्या, हे आपलं घर आहे... सांग ना तिला...”

काकांनी टोपी काढून छातीशी धरली होती. “पाऊल टाकू नका,” ते म्हणाले. “उत्तर दिल्याशिवाय नाही.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर दारातच उभं राहायचं. ते राहिले होते तसं.”

पडवीतला आवाज पुन्हा उठला. सादेची शेवटची ओळ आली, हुहानाला झोपेतही पाठ असलेली.

“...आणि तुमच्या मृतांना घेऊन या...”

टेकडीकडून, आत्ताच उतरून आलेल्या वाटेवरून, पावलं ऐकू आली. जड, मातीनं भरलेली, घसरत येणारी. ती तिच्या मागे, हाताच्या अंतरावर, रांगेत उभं राहावं तशी थांबली. रिपेकानं वळून पाहिलं आणि आत्याचा दंड घट्ट धरला.

हुहाना वळली नाही. मान थोडी कलती असणार हे तिला न पाहताही ठाऊक होतं. ‘जा रे राजा, परत जा, झोप,’ असं म्हणायला तिचा जीव तळमळत होता. पण मृतांना निरोप देण्याचा अधिकार यजमानांचा असतो, आणि पडवीतलं कुणीच ते म्हणत नव्हतं.