चौकशीला आलेला मुलगा

"आलीस! शंभर वर्षं आयुष्य आहे बघ तुला. आत्ता तुझंच चाललं होतं," असं म्हणतच नीलाकाकूंनी दार उघडलं.

मी फक्त पाण्याची बाटली न्यायला आले होते. आदल्या दिवशी सर्वेसाठी जोगेश्वरीच्या या घरात बसले होते, तेव्हा विसरले होते. काकूंची नि माझी ओळख तेवढीच. कोणता नेता बरा वाटतो, येत्या महापालिकेला मत कुणाला देणार, का देणार... अर्ध्या तासाची प्रश्नोत्तरं.

"माझं? कुणाशी?"

काकूंनी डोळ्यांनीच आत खूण केली. सोफ्यावर एक मुलगा बसला होता. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात पोह्यांची बशी. चमचा तोंडाशी नेलेला... आणि तिथेच थांबलेला. माझ्याकडे पाहिलं आणि तो असा काही ताडकन उठला, की निम्मे पोहे काकूंच्या गालिच्यावर.

"तुझी चौकशी करायला आलाय," काकू कुजबुजल्या. त्यांची कुजबुज खाली वॉचमनलाही ऐकू गेली असेल. "मुलगी किती वेळ बसली, नीट बोलते का, घाई करते का, स्वतःचं म्हणणं पुढे रेटते का... मी काय ते समजले. म्हटलं, बाबा रे, सोनं आहे सोनं. डोळे मिटून हो म्हण."

"काकू, तसं नाही हो..." तो बशी सावरत म्हणाला. कान मात्र लाल.

"घाटकोपरला स्वतःचं घर आहे, आई पालिकेच्या शाळेत शिकवते, धाकट्या बहिणीचं लग्न झालंय. मी पण विचारून घेतलं सगळं. नाव मिहिर."

मी बाटली उचलली आणि बाहेर पडले. मागून जिन्यात पावलं वाजली, तशी मी मधेच थांबले आणि वळले.

"माझ्या घरच्यांनी पाठवलंय तुम्हाला?"

"नाही."

"मग तुमच्या?"

"नाही हो."

"कुठल्या पक्षाचे आहात? सर्वेवाल्यांवर लक्ष ठेवताय?"

"छे!"

"मग कोण आहात?"

तो दोन पायऱ्या वर, मी खाली. खिडकीतून डिसेंबरचं कोवळं ऊन त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडलं होतं. वाईट दिसत नव्हता... म्हणजे, मला नोंद घ्यायची सवय आहे, म्हणून घेतली.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

"माहीत नाही म्हणून, की सांगायचं नाही म्हणून? आमच्याकडे दोन्हीला वेगळे पर्याय असतात."

तो हसला. अगदी नकळत, पकडला गेल्यासारखा. "सांगायचं आहे. पण आज नाही."

आणि माझ्या बाजूने, भिंतीला जवळजवळ घासत, तो उतरून गेला.

झालं! माझ्या डोक्यात भुंगा सुरू. दिवसभर मी परक्या माणसांना त्यांच्या मनातलं विचारत फिरायची, आणि मला मात्र एकच प्रश्न... कोण होता तो? बरं, पुढच्या आठवड्यात सर्वे झालेल्या आणखी काही घरांवरून गेले, तर तिथेही तेच. अंधेरीच्या सपनाताई डोळा मारून म्हणाल्या, "काय गं, ठरलं का? येऊन गेला तुझा तो. बोलताना खाली बघतो, पण ऐकतो छान हां." एका आजोबांनी तर आशीर्वादच देऊन टाकला.

राग यायला हवा होता. आलाही. पण रोज सकाळी केस विंचरताना आरशासमोर जरा जास्त वेळ जायला लागला, त्याचं काय करायचं?

शुक्रवारी निलेशसरांनी ऑफिसात बोलावलं. निलेशसर आमच्या सर्वेचे प्रमुख. मी आत गेले आणि दारातच थबकले. टेबलापलीकडे तोच निळा शर्ट.

"गंधाली, हा मिहिर. तुम्ही मुलाखती घेऊन आलात, की हा मागून जाऊन खात्री करतो. खरंच घेतल्या, की घरी बसून भरल्या. हे तुम्हाला सांगायचं नसतं, पण आता वेळच तशी आलीय."

मी मिहिरकडे पाहिलं. तो टेबलाकडे पाहत होता.

"तुझ्या कामात निम्मे लोक म्हणतात, अजून ठरलं नाही. बाकी कुणाच्या कामात असं नाही," सर म्हणाले. "नेत्यांबद्दल विचारलं तरी तेच. हा आवडतो, पण... तो चालेल, पण... हे कसं काय? त्यात कांदिवलीच्या एका घरी सांगितलं, की कुणी आलंच नव्हतं. एक खोटी निघाली, तर मला तुझं सगळंच काम बाद करावं लागेल. आणि अर्थात तुला पुढे ठेवता येणार नाही."

भर उन्हात जिने चढले होते मी. दारं तोंडावर आपटून घेतली होती.

"मी गेले होते, सर. जयवंत म्हणून आहेत. ते बोललेत माझ्याशी."

"मग आत्ता जा दोघं. तो हो म्हणाला, तर विषय संपला."

मेट्रोत आम्ही शेजारी उभे होतो. मी खिडकीबाहेर बघत होते.

"सॉरी," तो म्हणाला.

"चौकशी करायला आलाय म्हणे! किती मजा आली असेल ना तुला?" तुम्हीवरून तूवर कधी आले, कळलंच नाही. रागात माणूस जवळ येतो बहुतेक.

"पहिल्या घरी आली. मग नाही... मग भीती वाटायला लागली."

"कसली?"

"कुठल्यातरी घरी तू खोटी निघशील याची."

माझं खिडकीबाहेर बघणं जरा कमी झालं.

कांदिवलीची ती जुनी इमारत, दुसरा मजला. बेल वाजवली. जयवंतनेच दार उघडलं. पस्तिशीतला, साधा माणूस. मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्या मागे हॉलमध्ये भिंतभर पुढाऱ्यांबरोबरचे फोटो, पक्षाच्या जुन्या झेंड्याची चौकट, आणि खाली खुर्चीत त्याचे वडील.

"कोण आहे रे?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, नाना..."

आणि मला ती दुपार आठवली. जयवंत मला आत न घेता जिन्यात घेऊन आला होता. हळू आवाजात त्याने सांगितलं होतं, की यंदा पहिल्यांदा तो घरच्या पक्षाला मत देणार नाही. सांगताना घाम पुसत होता. 'नानांनी हयात घालवलीय हो पक्षात. त्यांना कळलं तर...' आणि मी म्हटलं होतं, कळणार नाही. काळजी करू नका.

एक 'हो' हवा होता फक्त. जयवंत माझ्याकडे बघत होता. मिहिर माझ्याकडे बघत होता. नाना खुर्चीतून उठायला लागले होते.

"सॉरी हं," मी म्हणाले. "आम्हाला वरच्या मजल्यावर जायचं होतं. चुकून बेल वाजली."

"वर... डाव्या हाताला," जयवंत कसाबसा म्हणाला. दार लावण्याआधी त्याने एकदाच मान झुकवली, नमस्कार केल्यासारखी.

आम्ही खरंच वर गेलो. नाना ऐकत असतील म्हणून. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. मी कठड्याला टेकले आणि मला एकदम रडूच आलं.

"वाट लागली ना माझी?"

मिहिरने रुमाल पुढे केला. मग फोन काढला आणि तिथेच, माझ्यासमोर, निलेशसरांना लावला.

"सर, कांदिवलीच्या घराची खात्री नाही झाली. ती एक काढून टाका... नाही, खोटी आहे असं मी लिहिणार नाही. माणूस घरच्यांसमोर बोलू शकत नाही, मी डोळ्यांनी बघितलं. बाकीची सगळी घरं मी फिरलोय, सगळी खरी आहेत." पलीकडून बराच वेळ आवाज आला. "गोंधळलेले कसे म्हणजे? ते गोंधळलेलेच आहेत, सर. मी पण विचारलं त्यांना. ही प्रश्न विचारते आणि थांबते. बाकीचे थांबत नाहीत, उत्तर पुढे करतात. हवं तर तुम्ही स्वतः या एकदा... हो. हो, माझी सही."

फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"दहा मिनिटं ओरडले असते, पण त्यांचा दुसरा फोन वाजला. राहतेस तू."

मी नाक पुसलं. "जयवंतचं मत मात्र आपल्या मोजणीत येणार नाही."

"मतदानाच्या दिवशी येईल की," तो म्हणाला.

दोघांनाही पूर्वेला जायचं होतं, मला मुलुंडला, त्याला घाटकोपरला. गोरेगावहून आरेमधून मरोळला जाणारी बस पकडली. संध्याकाळचं ऊन झाडांतून तुकड्या-तुकड्यांनी आत येत होतं. तबेल्यांकडून गवताचा, शेणाचा ओलसर वास. हवेत गारवा. आमचे हात सीटवर शेजारी शेजारी... बोटभर अंतर ठेवून.

"गंधाली, एक सांगू?"

"आज सांगता येतंय का?"

"हो. इतक्या घरांत बसून मी तुझ्याबद्दल ऐकलं. तू चहात साखर घेत नाहीस, म्हाताऱ्या माणसांशी बोलताना पंखा बंद करतेस, कुणी नेत्याला शिव्या घातल्या तरी हसत नाहीस. काकूंना पहिल्या दिवशी जे वाटलं होतं, ते दुसऱ्या आठवड्यात खरंच झालं होतं. मी चौकशीच करत होतो." तो थांबला. कान पुन्हा लाल. "पण आज त्या दारात जे बघितलं ना... ते मला कुणी सांगितलं असतं, तर पटलं नसतं. आवडतेस तू मला. खूप."

बस एका वळणावर कलली. ते बोटभर अंतरही गेलं. मी हात मागे घेतला नाही.

"बाकीचं मला तुझ्याकडून ऐकायचंय," तो म्हणाला. "लोकांकडून नको आता."

मला गंमत वाटली. इतके महिने मी विचारत फिरले, आणि माझं मत मात्र कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी बोलायला लागले. बाबांचं बँकेतलं काम, माझी अर्धवट राहिलेली एमए, मला पाल दिसली की मी टेबलावर चढते ते... तो थांबून ऐकत होता. मधे एकदाही माझं वाक्य त्याने पूर्ण केलं नाही.

मरोळ यायच्या आधी मी फोन काढला.

"आई, भात जरा जास्त टाक. माझ्याबरोबर एक जण येतोय जेवायला."

"कोण गं? कुठला? काय करतो?"

मी मिहिरकडे पाहिलं. तो घाबरून मान हलवत होता, आणि माझा हात मात्र आणखी घट्ट धरत होता.

"मला आवडतो तो, एवढं माझ्याकडून," मी म्हणाले. "बाकी चौकशी तू कर."