क्लेम पेंगेलीचा हात

नव्या इंजिनाला जपायचं नसतं, हे ऑस्ट्रेलियातल्या कडीना गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्येच त्याला रगडायचं. पॅडल खाली दाबून गाडी पळवायची, मग पाय काढून घ्यायचा आणि इंजिनालाच तिला आवरू द्यायचं, मग पुन्हा दाबायचं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघा पाडलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासून बसतात, त्या एवढ्याच अंतरात. बसल्या तर बसल्या, नाहीतर इंजिन जन्मभर तेल पितं आणि ते बांधणाऱ्याचं नाव गावभर खराब होतं.

रॉस ट्रेझाइझ हे चाळीस वर्षं करत आला होता. सिलिंडर घासून रेघा पाडायचं काम, म्हणजे होनिंग, त्याचा भागीदार क्लेम पेंगेली करायचा. रिंगा-पिस्टन चढवून इंजिन उभं करायचं ते रॉसने. रनिंगला, म्हणजे नवं इंजिन रगडायला, गाडी निघाली की रॉस चालवायचा आणि क्लेम शेजारी मांडीवर पेस्टी, म्हणजे खिम्याची मोठी करंजी, घेऊन, डोळे मिटून बसायचा. इंजिनाच्या आवाजावरून तो सांगायचा, "पाचवा बसला. दुसरा अजून रुसलाय." एकदाही चुकला नाही.

गेल्या जुलैत क्लेम वारला. फेब्रुवारीतल्या एका भाजून काढणाऱ्या मंगळवारी त्याची मुलगी मॉरवेना बापाची जुनी पिकअप घेऊन वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. मागच्या हौद्यात चादरीत गुंडाळलेला व्ही-एटचा, आठ सिलिंडरच्या इंजिनाचा ब्लॉक होता.

"रॉसकाका, बाबांनी होन केलेला हा शेवटचा ब्लॉक. घरी गॅरेजमध्ये पडला होता."

"मग?"

"मग काय! बांधा. याच पिकअपमध्ये बसवा. ईस्टरच्या शर्यतीत मी पळवणार आहे. सगळं गाव म्हणतं बाबांचा हात गेला होता. एक थेंबही तेल प्यायलं नाही ना, की मी विक हॉकिंगला चारचौघांत विचारते, कुणाचा हात गेला होता ते!"

रॉस म्हणाला, "बघू." त्याने चादर बाजूला केली. रेघा इतक्या सुरेख होत्या की त्याने चादर पुन्हा ओढून घेतली.

कारण हात गेला होता तो क्लेमचा नव्हताच. विक हॉकिंग या गिऱ्हाइकाचं इंजिन दीड वर्षापूर्वी तेल प्यायला लागलं, तेव्हा रॉसने ते एकट्याने उघडलं होतं. सात नंबरच्या पिस्टनची दुसरी रिंग उलटी बसली होती. प्रत्येक रिंगेवर एक बारीक ठिपका असतो, तो वर हवा. ठिपका खाली गेला की रिंग तेल खाली ओढायच्या ऐवजी वर ओढते. रिंगा चढवल्या त्या दिवशी विक समोर उभा राहून गप्पा मारत होता आणि रॉसला त्याच्यासमोर चष्मा लावायची लाज वाटली होती. एवढंच कारण. रॉसने ती रिंग गुपचूप सुलटी केली. मग विकने विचारलं, "चूक कुणाची?" आणि रॉसच्या तोंडून निघून गेलं, "बोअर. सिलिंडर नीट घासला गेला नाही. क्लेमचा हात आता पूर्वीचा राहिला नाही."

क्लेम तिथेच चहा घेऊन उभा होता. त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्याने चहाचा मग खाली ठेवला, दोन्ही हात उजेडात धरून पाहिले आणि म्हणाला, "असेल." महिनाअखेर तो कामावरून गेला. तेव्हापासून वारेपर्यंत त्याने हत्याराला हात लावला नाही. रॉस रोज ठरवायचा, उद्या सांगू.

आता सांगायचीही गरज उरली नव्हती, असं त्याला वाटलं. इंजिन चांगलं निघालं की क्लेमचं नाव आपोआप धुऊन निघेल आणि आपलंही झाकलं जाईल. माणूस असाच असतो. त्याने चष्मा लावला, प्रत्येक रिंगेचा ठिपका दोनदा तपासला आणि इंजिन बांधलं.

शेजारच्या मूंटा गावाच्या रस्त्यावर त्याने पिकअप रगडली. दोन्हीकडे कापणी झालेली जवाची रानं होती आणि मधून सरळसोट डांबर. शेजारची सीट रिकामी होती. पाय काढला की इंजिनाच्या घरघरीखाली त्याला दुसराच एक आवाज ऐकू यायचा. शप्प, शप्प, शप्प. एका लयीत वर-खाली. पॅडल दाबलं की आवाज बुडून जायचा.

चाळीस किलोमीटरनंतर त्याने तेल मोजायची डिपस्टिक काढली. जवळजवळ एक लिटर तेल गायब होतं.

सायलेन्सरमधून धूर नव्हता. प्लग कोरडे होते. खाली गळती नाही, रेडिएटरच्या पाण्यात तेल नाही. तेल जातं तेव्हा कुठेतरी जातं, हा साधा हिशेब आहे, आणि रॉसला तो जमेना. त्याने पुन्हा भरलं, पुन्हा पळवलं. पुन्हा एक लिटर गेलं.

त्याने इंजिन उघडलं. सगळे ठिपके वर होते. पण रेघा नव्या होत्या. एवढं पळाल्यावर वरची धार मोडायला हवी, ती आजच पाडल्यासारखी बोटाला लागत होती. त्याने मायक्रोमीटर घेतला. आठही सिलिंडर एक शतांश मिलिमीटरने मोठे झाले होते. आठही सारखे.

"माझंच मोजायला चुकलं असेल," तो मोठ्याने म्हणाला आणि नव्या रिंगा टाकून इंजिन पुन्हा जोडलं.

पळवून दुसऱ्यांदा उघडलं, तेव्हा तीन शतांश झाले होते. या वेळी तेलाच्या टाकीच्या तळाशी राखाडी चिखल होता. होनिंग करताना तेलात मिसळून निथळतो तो. रॉकेलचा वास येत होता. इंजिन दोन दिवस बंद होतं, तरी चिखल कोमट होता.

रॉसने तो बोटांत चोळून पाहिला. क्लेमच्या कामाचा चिखल त्याने आयुष्यभर पाहिला होता. इतका एकसारखा, मैद्यासारखा बारीक चिखल दुसऱ्या कुणाच्या हातून पडत नसे.

गावात काही लपत नाही. शुक्रवारी पबमध्ये विक हॉकिंगने ग्लास उंचावला. "काय ट्रेझाइझ, ऐकलं ते खरं का? बाप गेला, पण पोरीचं तेल जायचं काही थांबेना!"

सगळे हसले. मॉरवेना दाराशीच उभी होती. ती रॉसकडे पाहत राहिली. तो आता काहीतरी बोलेल, एवढीच तिची अपेक्षा होती.

रॉसने ग्लास तोंडाला लावला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मग खरंच असेल, काका. लोक उगाच कशाला बोलतील!" तिचा आवाज अगदी सपाट होता. विकच्या थट्टेपेक्षा तोच रॉसला जास्त लागला.

तिसऱ्यांदा त्याने इंजिन उघडलं रविवारी, भर दुपारी. पत्रा तापून कडकडत होता. या वेळी मायक्रोमीटरची गरजच नव्हती, पिस्टन हाताला डुगडुगत होता. आणखी एकदा असं झालं तर ब्लॉक भंगारात जाईल. क्लेमच्या हातचं या जगात उरलेलं शेवटचं काम, आणि तेही त्याच हाताने संपायला निघालं होतं.

तेव्हा रॉसला एकदम कळलं, आणि कळलं तसं त्याला बसायचंही सुचेना. सूड असता तर त्याने तो सोसला असता. हा सूड नव्हता. कुणीतरी आपली चूक सुधारत होतं. न केलेली चूक, पुन्हा पुन्हा, जीव ओतून.

"क्लेम, थांब," तो म्हणाला. "बोअर चांगले होते रे. रिंग मी उलटी टाकली होती. ऐकतोस का? मी टाकली होती."

उघड्या ब्लॉकमधून होनिंगचा दगड फिरल्यासारखा आवाज आला. शप्प, शप्प, शप्प.

कामाला लागला की क्लेम कुणाचंच ऐकत नसे.

रॉसने हातही पुसले नाहीत. तो तसाच गाडीत बसला आणि मूंटाला क्लेमच्या घरी गेला. मॉरवेना स्वयंपाकघरात होती. किटली नुकतीच उकळली होती. त्याने खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. चष्मा, विक, ठिपका, सात नंबर. क्लेमने उजेडात धरलेले हातसुद्धा. काही म्हणजे काही राखलं नाही. सांगताना तो रडला, आणि साठी उलटलेल्या माणसाला त्याची लाज वाटली नाही.

मॉरवेनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, तुम्ही फार चांगले आहात."

"अगं, चांगला कसला! मी खोटं बोललो. तुझ्या बापाला मी..."

"माझ्यासाठी तुम्ही स्वतःवर घेताय. कळतं मला." तिने दोन मगांत चहा ओतला. "पण नका घेऊ. बाबा स्वतःच म्हणायचे, आपला हात गेला म्हणून."

"ते माझ्यामुळे म्हणायचे! पोरी, मी शपथेवर सांगतो, गावासमोर सांगतो!"

"सांगा की. कोण ऐकणार?" ती थोडंसं हसली. "बाबाच ऐकत नाहीत. कालसुद्धा म्हणाले, अजून एकदा घासलं की जमेल."

रॉसने तिच्याकडे पाहिलं. ती साखर शोधत होती.

"तुम्हीच समजवा त्यांना," ती म्हणाली. "तुमच्या शब्दाला मान आहे. बसा, येतीलच एवढ्यात."

तिने कपाटातून तिसरा मग काढला.

मागच्या दाराबाहेर कुणीतरी नळाखाली हात धूत होतं. खसखसून, एकेक बोट, बराच वेळ. मग नळ बंद झाला.