बंद नळीतला श्वास

शप्पथ, यातलं एक अक्षर खोटं नाही. खोटं असतं तर वाचवलेली नोकरी सोडायला मी निघाले असते का?

मी विनुता, तंजावरची. पापनाशम रोडवरच्या एका औषध कारखान्यात इंजेक्शनचं पाणी तपासते. गेल्या आडी महिन्यातला, म्हणजे तमिळ आषाढातला शुक्रवार. दुपारचे साडेतीन.

अतिशुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. ती मोजणाऱ्या सेन्सरनं ०.०५५ दाखवायचं, बस्स. पण हे पाणी भारी नाजूक... माणसाचा नुसता श्वास लागला तरी आकडा चढतो. म्हणून सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येतो का याची तपासणी, करायची ती बंद नळीतून पाणी वाहतं ठेवून.

आमच्या लॅबमधले तुकोजीअण्णा हे कधी ऐकायचेच नाहीत. उघड्या भांड्यावर नाक टेकवून बघायचे. त्यात दमेकरी माणूस! मी रोज ओरडायचे, "अण्णा, लांब व्हा हो!"

चैत्रात अण्णा वारले.

त्या शुक्रवारी पाचच्या आत सेन्सर पास झाला नाही, तर माझी नोकरी जाणार होती. आधी दोनदा नापास झालेला. "आता शेवटचं, विनुता," लॅबच्या प्रमुख गायत्री मॅडमनी बजावलं होतं.

आकडा... ०.०५५.

मग ०.०७०.

परत ०.०५५.

छे! नळी बदलली. सांधे आवळले. दुसरा, खात्रीचा मीटर जोडला... तोही तसाच चढायचा, उतरायचा. म्हणजे सेन्सर ठीक होता. पाण्यातच काहीतरी मिसळत होतं. बंद नळीत!

मी अगदी रडकुंडीला आले. वैतागून एसी, पंखा, सगळं बंद केलं.

आणि मग ऐकू आलं...

घर्र...

आकडा चढला.

आवाज थांबला... आकडा उतरला.

दर तिसरा श्वास मध्येच अडकायचा. तो अडकणारा श्वास मी सहा वर्षं शेजारच्या टेबलावर ऐकला होता.

पावणेपाच झाले होते. भीती वाटायच्या आधी माझं डोकंच फिरलं.

"अण्णा! मेल्यावरही नाक खुपसताय? माझी नोकरी जाईल हो!"

सगळं शांत झालं. मग अगदी कानाशी, दमलेल्या आवाजात...

"येतो, विनुता."

आणि मी... काय सांगू, लहानपणापासूनची सवय ही! आमच्या तंजावरात जाणाऱ्याला नुसतं "जा" कुणी म्हणत नाही. अशुभ असतं. माझ्या तोंडून निघूनच गेलं...

"जाऊन या."

आकडा ०.०५५ वर बसला. हलला नाही. मॅडमनी सही केली. नोकरी वाचली.

दुसऱ्या दिवशी, बरोबर साडेतीनला...

०.०७०.

आता रोज येतात. रागवू तरी कुणावर? "या" मीच म्हटलं ना! निघताना अजूनही "येतो" म्हणतात. नुसतं "जा" म्हणायचं म्हणून मी रोज तोंड उघडते...

जीभच वळत नाही.